बालशिक्षणात शाश्वतता : वेगळ्या तासाऐवजी अंगणवाडीच्या रोजच्या व्यवहारातून

पर्यवेक्षिका म्हणून आपल्याकडे असलेल्या बीटमधील, म्हणजे अंगणवाड्यांच्या गटातील, तीन ते सहा वर्षांच्या मुलांपर्यंत पर्यावरणीय शाश्वतता हा विषय कसा न्यावा, त्यासाठी आठवड्यातून एक वेगळा तास ठेवावा का, हाती पैसा नसताना काय करता येईल आणि तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्यांना काय दाखवावे, असे आपण विचारले आहे. ५ जूनला, म्हणजे पर्यावरण दिनी, घोषणा देत फेरी काढली जाते, रोपे लावली जातात, भिंतीवर हिरवे तक्ते लागतात आणि पुढे वर्षभर काहीच घडत नाही, ही आपली तक्रारही आपण मोकळेपणाने मांडली आहे. सेविका आणि बालवाडी शिक्षिका यांच्या प्रशिक्षणाचे काम मी दीर्घकाळ करीत आले आहे. त्या कामात जे टिकताना पाहिले आणि जे दोन महिन्यांत विरताना पाहिले, त्याच्या आधारे हे उत्तर देत आहे.

वेगळा तास ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये पर्यावरण शिक्षणाबाबत निर्देश दिले आणि पुढे शाळा-महाविद्यालयांत पर्यावरण हा सक्तीचा विषय झाला. तेव्हापासून पर्यावरण म्हटले की पुस्तक, प्रकल्पवही आणि गुण हेच आपल्या डोळ्यांसमोर येते. तीच सवय आपण नकळत खाली अंगणवाडीत आणतो. चार वर्षांच्या मुलाला 'प्रदूषण' ही कल्पना शब्दांतून कळत नाही, मात्र ताई हात धुताना नळ किती सोडते, उरलेली खिचडी कुठे टाकते, भिंतीवर चढणाऱ्या सुरवंटाला झाडूने झटकते की थांबून पाहते, हे त्याला अचूक कळते आणि ते तसेच वागू लागते. २०२२ च्या पायाभूत स्तरावरील राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात भोवतालच्या निसर्गाविषयी आपुलकी निर्माण होणे हे एक ध्येय म्हणून घेतले आहे. ते ध्येय बौद्धिक विकासाखाली घातलेले नसून सामाजिक-भावनिक विकासाखाली घातलेले आहे. ही मांडणी मला फार योग्य वाटते, कारण माहिती देऊन आपुलकी येत नाही, रोजच्या सहवासातून येते. म्हणून अंगणवाडी चालवण्याची रीत म्हणजे तेथील पाणी, अन्न, साहित्य, अंगण आणि सण-समारंभ हाच या वयाचा अभ्यासक्रम मानावा, आणि आपण पर्यवेक्षिका म्हणून आधी या रीतीकडे पाहावे.

हे सारे आपल्याकडे बाहेरून आलेले नाही, हेही सेविकांना सांगण्यासारखे आहे. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर गेले. अनुताई वाघ सुरुवातीपासून त्यांच्याबरोबर होत्या. माँटेसरी पद्धतीचे महागडे साहित्य खेड्यात परवडणारे नव्हते. तेव्हा त्यांनी बिया, पाने, शंख-शिंपले, माती, बांबू असे जे आसपास मिळेल त्यातून साहित्य घडवले. वस्तीतील मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसल्यावर बालवाडीच वस्तीतल्या अंगणात नेली. 'अंगणवाडी' या कल्पनेचे मूळ तेथे आहे. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी तर कुरणातच शाळा भरवली. केंद्र शासनाची एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर पोहोचली. पुढे या प्रवासात नाव टिकले, पण अंगण आणि बिया बऱ्याच ठिकाणी मागे पडल्या आणि त्यांच्या जागी बाजारातून आणलेली चकचकीत फोमची अक्षरे आली.

म्हणून मी साहित्यापासून सुरुवात करण्याचा आग्रह धरते. 'टाकाऊतून टिकाऊ' हा उपक्रम आपल्याकडे शाश्वततेचा पुरावा समजला जातो, परंतु त्याकडे जरा कठोरपणे पाहावे लागेल. प्लास्टिकच्या बाटलीवर फोम शीट, चमकी, थर्मोकोलचे मणी आणि गरम गोंद चिकटवून केलेली फुलदाणी पंधरा दिवसांत कचऱ्यात जाते. एरवी ती बाटली भंगारवाल्याकडे जाऊन पुनर्वापरात आली असती, आता इतक्या वस्तू एकमेकींना चिकटल्यामुळे तिचा काहीच उपयोग उरत नाही. प्रदर्शन जवळ आले की कागदी पेले आणि आईस्क्रीमच्या काड्या यांची नवी पाकिटे विकत आणून 'टाकाऊ' वस्तू तयार केल्याचेही मी पाहिले आहे. महाराष्ट्राने मार्च २०१८ मध्ये प्लास्टिक आणि थर्मोकोलच्या अनेक वस्तूंवर बंदी घातली. १ जुलै २०२२ पासून देशभर लागू झालेल्या बंदीत सजावटीचा थर्मोकोल, फुग्यांच्या प्लास्टिकच्या काड्या आणि प्लास्टिकचे झेंडे यांचा स्पष्ट उल्लेख आहे. बालवाडीच्या समारंभांची जणू खरेदीची यादीच तीत आली आहे. तरीही २६ जानेवारीला किती ठिकाणी काय वाटले जाते, हे आपण जाणताच.

त्याऐवजी न चिकटवता वापरायचे साहित्य गोळा करावे. करवंट्या, बांबूच्या कांड्या, नदीतले गोटे, डब्यांची झाकणे, शिंप्याकडील कापडाचे तुकडे, पुठ्ठ्याची खोकी, नारळाच्या झावळ्या, सागाची मोठी पाने असे साहित्य टोपल्यांत वर्गवारी करून ठेवले, की मुले त्यातून आज घर करतात, उद्या बाजार मांडतात आणि परवा त्याच करवंट्या लहान-मोठ्या क्रमाने लावतात. खेळ संपला की वस्तू आपापल्या टोपलीत परत जातात. हे परत ठेवणे हा या खेळाचा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे, कारण वस्तू संपवायची नसते, ती पुन्हा लागणार असते, हे मूल तेथे हाताने शिकते. चित्रांसाठी गेरू, कोळसा, तांदळाच्या पिठाचे पाणी, हळद, बिटाचा रस पुरेसे होतात. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो, हे पाहण्यासाठी मुले एकच फडके पुन्हा पुन्हा मागतात. मातीकामासाठी गणपतीच्या दिवसांत शाडू विकत आणण्याची गरज नाही. आपल्याकडची पुष्कळशी शाडू माती गुजरातमधून येते. गावच्या ओढ्याची किंवा कुंभाराकडची चिकणमाती चाळून, भिजवून ठेवली तर ती वर्षभर पुन्हा पुन्हा मळता येते.

दोन गोष्टींबाबत मात्र सक्त राहावे. एक म्हणजे बियांची सुरक्षितता. चिंचोके आणि सागरगोटे मोजण्यासाठी उत्तम आहेत, परंतु गुंजा दिसायला कितीही सुंदर असल्या तरी अत्यंत विषारी असतात. एरंड, कण्हेर आणि धोतरा यांच्या बियाही तशाच घातक आहेत. या बिया अंगणवाडीच्या टोपलीत कधीही येता कामा नयेत. हरभरा किंवा वाटाण्यासारखा दाणा मुलाने नाकात घातला तर तो ओलाव्याने फुगतो आणि काढणे अवघड होते. म्हणून तीन वर्षांखालील भावंडे सोबत येत असतील, तर बारीक बियांचे काम त्यांच्या समोर मांडू नये. दुसरी गोष्ट म्हणजे डाळ-तांदळाचे चिकटकाम. तूर, मूग, तांदूळ गोंदाने कागदावर चिकटवून मोर तयार करण्याची पद्धत सर्वत्र आहे. ज्या केंद्रात कुपोषण मोजण्यासाठी मुलांचे दर महिन्याला वजन केले जाते, तेथे अन्न कागदाला चिकटवून फेकणे मला मुळीच पटत नाही. भेंडीचा ठसा घ्यायचा असेल तर तिचा देठाकडचा चिरून टाकलेला भाग घ्यावा, बाकीची भेंडी भाजीत जाऊ द्यावी.

यातून आपण आहाराकडे येतो, आणि अंगणवाडीत शाश्वततेचे सर्वांत मोठे काम येथेच होऊ शकते. तीन ते सहा वयोगटाला रोज गरम ताजा आहार देण्याची तरतूद आहे, त्यातील उष्मांक आणि प्रथिने यांचे प्रमाणही ठरलेले आहे. वाढताना सर्वांना एकदम पूर्ण वाढले जाते, लहान मुलांच्या ताटात उरते आणि ते सांडपाण्यात जाते. लहान पळीने थोडे वाढावे, 'आणखी हवे' म्हणण्याची मुलांना सवय लावावी आणि पाच वर्षांच्या मुलांना स्वतः वाढून घेऊ द्यावे. एवढ्यानेच उरणारे अन्न लक्षणीय कमी होते आणि मदतनीस ताईंचे कामही हलके होते. येथे एक सावधगिरी सांगते : 'ताट स्वच्छ केलेच पाहिजे' अशी जबरदस्ती करू नये. अन्न वाया न घालवणे हे मुलाच्या पोटावर दबाव टाकून साधायचे नाही, ते वाढण्याच्या रीतीतून साधायचे आहे. उरलेच तर ते कोणाला द्यायचे, कोंबड्यांना, गाईला की खताच्या माठात, हे मुलांसमोर ठरवावे. खतासाठी भोके पाडलेला जुना माठ, तळाशी नारळाच्या शेंड्या, वर सालींचा थर आणि त्यावर सुका पाला एवढे पुरते. शिजलेले अन्न फार घातले की वास येतो आणि शेजारी तक्रार करतात, म्हणून माठात मुख्यतः कच्च्या भाज्यांच्या साली आणि अंड्यांची टरफले जाऊ द्यावीत. याला जोडूनच अंगणातला पालापाचोळा जाळणे थांबवावे. झाडलोट करून काडी लावणे ही इतकी रुळलेली गोष्ट आहे की तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही, आणि त्या धुरात मुले बसलेली असतात.

परसबागेबद्दल थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे, कारण 'पोषण वाटिका' ही आता शासकीय अपेक्षाच आहे आणि ती बहुधा फोटोपुरती उरते. तिच्या अपयशाचे कारण बहुतेक वेळा वेळापत्रकात असते. जागतिक पर्यावरण दिन १९७३ पासून ५ जूनला साजरा होतो, पण त्या दिवशी महाराष्ट्राच्या बहुतांश भागात जमीन कोरडी असते. पावसाने ओढ दिली की ती रोपे जूनअखेरीस वाळतात आणि झाड लावले की मरते, एवढाच धडा मुले घेतात. आपल्या देशात १९५० पासून वनमहोत्सव जुलैच्या पहिल्या आठवड्यात ठेवला गेला तो ऋतू पाहूनच. म्हणून ५ जूनला मुलांनी आळी करावीत, बिया निवडाव्यात, अंगणात आधीपासून उभ्या असलेल्या झाडाला मिठी मारून त्याचा घेर मोजावा आणि लागवड जमीन चांगली भिजल्यावर करावी. झाडांची निवडही साधी ठेवावी. शेवग्याची फांदी लावली तरी ती जगते. हात-ताट धुण्याचे पाणी जेथे जाते तेथे अळू, कर्दळ किंवा केळ लावण्याची पद्धत कोकणातल्या प्रत्येक परसात आहे, ती अंगणवाडीत आणायला कोणत्याही योजनेची गरज नाही. ते पाणी मात्र साबणाने फेसाळलेले नसावे.

एक लिंबाचे किंवा कढीपत्त्याचे झाड मात्र अवश्य लावावे, जागा नसेल तर मोठ्या कुंडीत लावावे. आपल्या राज्याचे फुलपाखरू म्हणून २०१५ मध्ये घोषित झालेले ब्लू मॉर्मन आणि त्याच्या कुळातील इतर काही फुलपाखरे लिंबूवर्गीय झाडांवर अंडी घालतात. त्यांचा सुरवंट आधी पक्ष्याच्या विष्ठेसारखा दिसतो, मग हिरवागार होतो, डिवचले तर डोक्याजवळून शिंगासारखा अवयव बाहेर काढून उग्र वास सोडतो. दोन-तीन आठवडे मुले रोज सकाळी आल्याआल्या आधी त्या झाडाकडे धावतात. पाने खाल्ली जातात म्हणून मदतनीस ताई औषध फवारण्याचे सुचवतील. तेव्हा मुलांना विचारावे की पाने कोणी खाल्ली आणि तो मोठा झाल्यावर काय होणार आहे. वाट पाहणे, न तोडणे, आपल्या उपयोगाच्या झाडावर दुसऱ्या कोणाचाही हक्क असणे या गोष्टी तेथे घडतात आणि त्यांना शब्दांची गरज पडत नाही. सगळे सुरवंट हाताळण्यासारखे नसतात. केसाळ सुरवंटांनी अंगाला खाज सुटते, म्हणून पाहायचे डोळ्यांनी, हा नियम असावा.

पावसाळ्यात पालघर, रायगड, नाशिकच्या पश्चिम पट्ट्यात, जव्हार-मोखाड्यात आपली अंगणवाडी असेल तर तेथील आज्यांना बोलवावे. टाकळा, कुर्डू, फोडशी, भारंगी, करटोली, शेवळा या रानभाज्यांबद्दल त्यांना जे ठाऊक असते ते आपल्या कोणत्याही प्रशिक्षण पुस्तिकेत नाही. शेवळा नीट न शिजवता खाल्ला तर घसा खवखवतो आणि त्यासोबत काकड हे रानफळ घालतात, हे आजी सांगते, तेव्हा रानातून काय, कधी आणि किती घ्यायचे याचा एक पूर्ण विचार मुलांपुढे येतो. ज्यांना आपण 'मागास वस्तीतली मुले' म्हणतो, त्यांच्या घरात हे ज्ञान आहे आणि त्यांना पर्यावरण शिकवायला आपण शहरातून तक्ते नेतो, ही विसंगती मला नेहमी खटकते.

हाच मुद्दा पाण्याला लागू आहे. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. मराठवाड्यातील अशा गावांत, जेथे आईबरोबर हंडा घेऊन रांगेत उभे राहिलेले मूल अंगणवाडीत येते, तेथे 'पाणी वाचवा' हे गाणे म्हणवून घेणे निरर्थक आहे, किंबहुना थोडे क्रूरही आहे. त्या मुलांबरोबर पाण्याचा खेळ खेळणे अधिक गरजेचे असते. एकच घमेले पाणी घेऊन ओतणे, मोजणे, तरंगणे-बुडणे हे खेळ खेळावेत आणि नंतर ते पाणी झाडाला घालावे. उलट जेथे नळ चोवीस तास आहे तेथे गळका नळ ही खरी शिकण्याची जागा आहे. त्याखाली बादली ठेवावी, मुलांनी खडूने पातळीची खूण करावी, जेवणानंतर पुन्हा पाहावे आणि नळ दुरुस्त होईपर्यंत ग्रामपंचायतीकडे पाठपुरावा करावा. ताईने सरपंचांना सांगितले आणि नळ दुरुस्त झाला, हे मुलांना दिसले पाहिजे. मोठ्यांनी दुरुस्ती केलीच नाही आणि मुलांना मात्र नळ बंद करायला शिकवले, तर त्यांना त्यातला खोटेपणा कळतो.

शहरातील अंगणवाड्यांचा प्रश्न आपण विचारलेला नाही, तरी आपल्या बीटमध्ये नगरपालिकेची हद्द आहे म्हणून थोडे लिहिते. चाळीतल्या किंवा झोपडवस्तीतल्या भाड्याच्या एका खोलीत अंगण नसते. तेथे खिडकीतला कावळा, मुंग्यांची रांग, दारासमोर साचलेले पाणी आणि रोज येणारी घंटागाडी हा परिसर आहे. ओला आणि सुका असे दोन डबे ठेवून मुलांनी स्वतः घंटागाडीपर्यंत नेणे हा तेथील सर्वांत उपयुक्त उपक्रम ठरतो, मात्र सफाई कामगारांबद्दल बोलताना भाषा सांभाळावी. पुण्यात कचरावेचकांची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था घराघरांतून कचरा गोळा करते. अशा कुटुंबांतील मुले आपल्याच बालवाडीत बसलेली असतात. 'कचरा घाण असतो, त्याला हात लावायचा नाही' असे सरसकट म्हटले की त्यांच्या आईचे काम घाण ठरते. शहर स्वच्छ ठेवण्याचे मोठे काम या बायका करतात, हे वर्गात मोठ्याने सांगितले गेले पाहिजे, आणि शक्य असेल तर त्यांच्यापैकी एखादीला पाहुणी म्हणून बोलवावे.

मुलांना काय सांगू नये, हेही आपण सेविकांशी बोलावे. हिमनग वितळत आहेत, वाघ संपणार आहेत, पृथ्वीला ताप आला आहे, अशी चित्रे या वयाच्या भिंतीवर नसावीत. ज्याच्यावर आपला काहीच इलाज नाही अशा संकटाची भीती चार वर्षांच्या मुलात निर्माण करून काही साधत नाही. महापूर किंवा दरड कोसळणे मुलांनी प्रत्यक्ष अनुभवले असेल तर गोष्ट वेगळी. तेथे त्यांना खेळातून, चित्रातून ते पुन्हा पुन्हा मांडू द्यावे आणि मोठी माणसे काय काय करीत आहेत हे सांगून धीर द्यावा.

पालकांच्या बाबतीत वाढदिवस ही सर्वांत सोपी सुरुवात आहे. पालकसभेत एकदाच ठरवून घ्यावे की अंगणवाडीत चॉकलेट, प्लास्टिकची भेट आणि फुगे येणार नाहीत. राजगिऱ्याचा लाडू, चिक्की किंवा घरच्या झाडाची फळे चालतील. ताटांसाठी ग्रामपंचायतीकडून किंवा बचत गटाकडून स्टीलचा एक संच मिळवला की डोहाळजेवण, अन्नप्राशन अशा कार्यक्रमांना थर्मोकोलच्या बदली तोच वापरता येतो, गावातील इतर कार्यक्रमांना तो नाममात्र भाड्याने देणाऱ्या सेविकाही आहेत. विरोध येतो तो सहसा श्रीमंतीच्या देखाव्यावरून, आणि तो खासगी इंग्रजी बालवाड्यांत अधिक तीव्र असतो.

राहिला तपासणीचा प्रश्न. ऑस्ट्रेलियाच्या बालशिक्षण आराखड्यात २०२२ मध्ये शाश्वतता हे तत्त्व म्हणून समाविष्ट झाले, आणि तेथील केंद्रांना आपला कारभार पर्यावरणाच्या दृष्टीने कसा चालतो हे दाखवावे लागते. त्यांच्या तपासणी याद्या आपल्याकडे उचलून आणू नयेत, कारण आपल्या सेविकेच्या हातात आधीच नोंदवह्या आणि पोषण ट्रॅकर हे नोंदींचे मोबाइल ॲप आहे आणि 'पर्यावरण नोंदवही' ही आणखी एक भर पडली की काम वहीतच होईल. त्याऐवजी भेटीच्या दिवशी आपण स्वतः पाच गोष्टी पाहाव्यात : जेवणानंतर बादलीत किती अन्न उरले, धुण्याचे पाणी कुठे जाते, टोपल्यांतले साहित्य वापरून झिजलेले आहे की नवे कोरे, गेल्या पावसाळ्यात लावलेले झाड जिवंत आहे का, आणि एखादे मूल न सांगता काय करते. शेवटच्या गोष्टीसाठी अर्धा तास गप्प बसून पाहावे लागते. त्यात दिसलेले एक वाक्य, मुलाचे नाव न घालता, आपल्या नेहमीच्या भेट शेऱ्यात लिहावे. वरिष्ठांनी फोटो मागितलाच तर फेरीचा देऊ नये, एकाच झाडाचा दर तीन महिन्यांनी त्याच जागेवरून काढलेला द्यावा. पुढच्या बीट बैठकीत पाचही गोष्टी एकदम सुरू करू नयेत. प्रत्येक सेविकेने आपल्या केंद्रापुरती एक निवडावी आणि ती दिवाळीपर्यंत मोडू न देता चालवावी, मगच दुसरीला हात घालावा.